अवसेचा चंद्र

आश्विन उतरणीला लागला की आमच्या खाडीकाठी दोन वास एकमेकांत मिसळतात. सकाळी वारा डोंगराकडून येतो तेव्हा पिकल्या भाताचा, कोरडा आणि जरा गोडसर. संध्याकाळी पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळाचा, ओला, खारट, नाकात बसून राहणारा. लहानपणी मला दुसऱ्या वासाची लाज वाटायची. माणगावच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागलो तेव्हा पहिली काही वर्षं मी सुट्टीवरून परत जाताना चपला दोनदा धुवायचो. आता निवृत्त होऊन गावच्या घरात राहतो आहे आणि चप्पल घालून बांधावर जातच नाही.

परवा वहिनी ओट्यावर बसून पोहे निवडत होती. सुपातली नजर न काढता तिनं विचारलं, "भावजी, आज कंची तिथ?"

"त्रयोदशी."

"म्हंजे अवस परवा."

अवस म्हणजे उधाण, आणि उधाणाच्या दुपारी आमच्या घरातलं कुणीतरी बांधावर चालून येतं. इतकी वर्षं ते कुणीतरी म्हणजे माझा मोठा भाऊ होता, वहिनीचा नवरा. धर्मा त्याचं नाव. मी दादा म्हणायचो. पौषात तो गेला. यंदा घरात दिवाळी नाही. पोहे आहेत ते शेजारणीचे, वहिनी हाताला काम म्हणून निवडून देते.

आमचं गाव खाजणातलं. शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत, हे पाहुण्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध आहे, पुरुषभर उंचीचा, आणि त्यात पावसाचं पाणी बाहेर सोडायला लाकडी झडपांची उघाडी. बस, एवढ्यावर सगळं उभं. बांध फुटला तर त्याला खांड गेली म्हणतात. खारं पाणी एकदा शेतात बसलं की ते पीक जातंच, आणि मीठ धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे खर्ची पडतात.

म्हणून आमच्याकडं घड्याळापेक्षा तिथीला मान. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीन वाजता पाणी भरणार. अवसेला आणि पुनवेला दुपारी बाराच्या आसपास, आणि तशीच मध्यरात्री. अष्टमी-नवमीला पाणी आळसावलेलं असतं, त्याला भांग म्हणतात. तेव्हा बांधाकडं पाठ करून झोपावं. दादा सातवीपर्यंत शिकला, पण ही पाऊणकी त्याच्या तोंडात श्वासासारखी होती. मी चाळीस वर्षं पुस्तकांत काढली, ग्रहणांवरची तर हौसेनं वाचली, आणि ही पाऊणकी मला कधी धड जमली नाही.

आम्हा दोघांकडं एकाच गोष्टीची अर्धी-अर्धी फोड होती, हे आम्हाला कळलं ते चारेक वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये एक दिवस मोकळा पडला होता, कारण त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. संध्याकाळी लागणार होतं. वेध पहाटेपासूनच. घरात फराळाचे डबे भरलेले आणि कुणी हात लावायचा नाही. वहिनीनं लोणच्याच्या बरणीवरसुद्धा दूर्वा ठेवल्या होत्या.

उपाशी माणसाला बोलायला फार सुचतं. मी आतून परात आणली, पिठाची चाळण आणली.

"खायाचा न्हाय तं परात कशाला काढली?" वहिनी आतून म्हणाली.

"शाळा भरलीय," दादा म्हणाला. "बाल्या शिकवतोय, मी नापास व्हनार." साठीला आलो तरी त्याच्या तोंडी मी बाल्याच होतो.

आधी मी त्याला खिशातली सुपारी काढायला लावली. समोरच्या माडावरचा एक नारळ हेरायचा, एक डोळा मिटायचा आणि सुपारी हातभर अंतरावर धरायची. त्यानं धरली. पुढंमागं केली. मग हसला.

"झाकला की रं."

"चंद्र सुपारी, सूर्य नारळ. सूर्य चंद्राच्या चारशे पट मोठा, पण लांबही जवळजवळ तितकाच पट. म्हणून आपल्याला दोघं एकाच मापाचे दिसतात. सुपारी मध्ये आली की नारळ दिसेनासा होतो. ग्रहण म्हणजे एवढंच."

"मध्ये कवा येते?"

"अवसेला. अवसेला चंद्र आणि सूर्य एकाच बाजूला असतात."

दादानं सुपारी खाली केली. "आनि उधान बी अवसेला."

"त्याच कारणानं. दोघं एका बाजूनं पाणी ओढतात. पुनवेला समोरासमोर असतात, तेव्हाही दोघांची ओढ एका रेषेत येते. अष्टमीला एक इकडं ओढतो, दुसरा तिकडं, म्हणून भांग."

"म्हंजे गिरान असंल त्या दिवशी उधान असनारच."

"असणारच."

"मंग दर उधानाला गिरान का नसतं?"

हा प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता. मी चाळण परातीत ठेवली, जरा कलती, म्हणजे तिचा एका बाजूचा काठ परातीच्या काठाच्या वर राहिला आणि दुसरा खाली गेला. मधोमध पृथ्वी म्हणून लाडू ठेवणार होतो, पण वहिनी ओरडली, "लाडवाला हात नका लावू!" तेव्हा दादानं अंगणातला एक धोंडा उचलून ठेवला. परातीचा काठ म्हणजे वर्षभरात सूर्य आपल्याला ज्या वाटेनं फिरताना दिसतो ती वाट. चाळणीचा काठ म्हणजे चंद्राची. चंद्र दर महिन्याला सूर्याच्या दिशेला येतो खरा, पण बहुतेक वेळा त्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही काठ फक्त दोन जागी एकमेकांना भेटतात. सूर्य त्या जागेपाशी असताना अवस आली, तरच ग्रहण. म्हणून ते सहा-सहा महिन्यांनी यायचा संभव. त्यातही आपल्या गावातून दिसेलच असं नाही, कारण चंद्राची सावली पृथ्वीवर कुठं पडते त्यावर ते अवलंबून.

"पंचांगात ज्यांना राहू आणि केतू म्हणतात," मी म्हणालो, "ते म्हणजे या दोन जागा."

"म्हंजे राहू हाय."

"आहे. पण ती जागा आहे दादा. कुणी गिळणारा नाही."

"जागाच वंगाल असते बाल्या," तो धोंडा अंगणात परत टाकत म्हणाला. "बांध केवढा लांब. पन खांड जाते ती एकाच जागंवर."

आणि अकराच्या सुमाराला तो बांधावर गेला.

या गोष्टीत काही शुभ-अशुभ शोधू नये. बांधाला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बिळं पाडतात, पावसानं माती सैल झालेली असते, आणि उधाणाचं पाणी बीळ शोधत येतं. दादा अनवाणी चालायचा तो त्यासाठीच. पायाला ओल लागली की तो थांबायचा, टाच फिरवायचा, बीळ सापडलं की चिखलाचा गोळा आत ठोकायचा. त्या दिवशी त्याचा पाय पोचण्याआधी पाणी पोचलं. एक वाजता तो परतला तेव्हा गुडघ्यापर्यंत काळा होता. दारातूनच म्हणाला, "खांड गेली. उघाडीच्या पल्याड. दोन हातांची हाय, पन ओहोटीला रुंद व्हनार."

आत आलेलं पाणी ओहोटीबरोबर त्याच खांडीतून मागं धावतं आणि जाताना कडा कापत नेतं. संध्याकाळी सहा-साडेसहाला खाडी तळाशी जाणार, मग पुन्हा चढणार आणि मध्यरात्री दुसरी भरती. हिवाळ्याच्या तोंडाशी रात्रीची भरती दिवसापेक्षा मोठी असते. म्हणजे दुपारी पाणी उतरल्यापासून रात्र चढेपर्यंत जे काय व्हायचं ते व्हायला हवं होतं. बांधाच्या आत भात पिवळं होऊन उभं होतं. पाडव्यानंतर कापणी धरायची ठरलेली.

देवळाच्या पायरीशी वीसएक माणसं जमली. कुणी नाही म्हणत नव्हतं. पण ग्रहणात माती कापायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पांडूतात्या म्हणून देवळात पंचांग सांगणारे एक गृहस्थ आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "शेत गाभन हाय. गिरानात कुदल मारली तं काय निपजंल?" दुसरा कुणी म्हणाला, "सुटला का लगेच उतरू. बत्त्या घेऊ. दोन-तीन घंटे मिलतील." दादानं मनात हिशेब केला. अवघड होतं, पण होण्यासारखं होतं. त्यानं मान हलवली.

आणि तिथं मी तोंड उघडलं.

मी सकाळीच वर्तमानपत्रात वाचलं होतं, आणि वाचलेलं सांगितल्याशिवाय राहवत नाही हा माझा जन्मभराचा दोष. मी म्हणालो, "सुटलेला दिसणार नाही. सहाला सूर्य मावळतो. ग्रहण लागलेलं असतानाच मावळणार तो."

तात्यांनी पंचांग उघडलं. चष्मा वर केला. "ग्रस्तास्त," ते वाचून म्हणाले. "मंग उद्या सकाली सूर्याचं बिंब बघून अंघोल. तवर सुटला न्हाय."

उद्या सकाळपर्यंत भरती दोनदा... नाही, एकदाच, पण ती एकच पुरेशी होती. दादानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. "बाल्या," तो हळू म्हणाला, "तुज्या त्या पेपराला आत्ताच बोलायचं व्हतं?"

मी चूक सावरायला गेलो. क्षितिजाखाली गेल्यावर अर्ध्या तासात ग्रहण सुटतंच, आपल्याला दिसो न दिसो, हे सांगितलं. सावली सांगितली, सुपारी सांगितली, नारळ सांगितला. मागून एकजण म्हणाला, "सुपारी झाली, आता पान आना." सगळे हसले, तात्याही हसले. कुणाला माझं खोटं वाटत होतं असं नाही. खरं असून ते तिथं कामाचं नव्हतं, एवढंच.

दादा उठून चालू लागला होता. तो हिराकाकीच्या घराकडं गेला.

हिराकाकी आमच्या गावची सुईण. तेव्हा ऐंशीच्या घरात होती. त्या पायरीवर बसलेल्यांपैकी निम्मे तिच्या हातांत पहिल्यांदा रडले होते. दादानं तिला काय सांगितलं मला माहीत नाही. ती काठी टेकत आली, पायरीवर बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "कोन म्हनतो शेत गाभन?"

कुणीतरी तात्यांकडं बोट केलं.

"पांडू, तुजी चार पोरं मी काढली. गाभन कोन नि बालंतीन कोन, ते तू मना सांगतंस? भात गाभन व्हतं भादव्यान, पोटरीला आलं तवा. आता दाना भरला, पिवला झाला. बालंतीन हाय ती. बालंतिनीला सांभालायचं का खाऱ्या पान्यान सोडायची?"

तात्यांनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "काकी, तू म्हनतेस तं व्हय."

"मी न्हाय म्हनत. पिवला रंग म्हनतो. चला."

चार वाजता सगळे बांधावर होते. मेढी ठोकल्या, त्यांच्यामागं तिवराच्या फांद्या आणि पेंढा दाबला, आणि मग चिखलाचे गोळे हातोहात पुढं जाऊ लागले. मी रांगेत दादाच्या मागं होतो. गोळा यायचा, छातीशी धरायचा, पुढं द्यायचा. किहीमच्या किनाऱ्यावर म्हणे त्या दिवशी लोक काळे चष्मे घेऊन ग्रहण बघायला जमले होते. आमच्यापैकी कुणाला मान वर करायलाही उसंत नव्हती, मीच अधूनमधून "सूर्याकडं थेट बघू नका" म्हणत होतो, तेव्हा पुढून दादा म्हणाला, "तू गोला धर."

खाडीच्या तोंडाशी सूर्य उतरला तेव्हा हवा धुरकट होती. मी रांगेत मागे वळताना ओझरतं पाहिलं. उजव्या अंगाचा लचका तुटलेला, तांबडा, आणि तसाच तो खाली जात होता. पुरा होण्यासाठी थांबला नाही. पाण्याला टेकला, अर्धा झाला, गेला.

"सुटला का रं?" दादानं विचारलं. त्याची पाठ होती तिकडं.

"नाही. तसाच गेला."

"कवा सुटंल?"

"अर्ध्या तासात. पण खाली."

"सुटंल ना?"

"सुटेल."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि त्यानं गोळ्यासाठी हात मागं केला.

रात्रीच्या भरतीला बांध टिकला. सकाळी तात्यांनी सूर्याचं बिंब पाहून अंघोळ केली, आणि मग ओल्या डोक्यानंच लाडवांचा डबा घेऊन हिराकाकीच्या दारात गेले. दोन्ही गोष्टी त्यांनी पाळल्या. मला पूर्वी अशा माणसांचं हसू यायचं.

दादाचं शेवटचं दुखणं, गेल्या हिवाळ्यातलं, दोन महिन्यांचं. मी दर आठवड्याला माणगावाहून यायचो, एसटी बदलत. शेवटच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज अगदी पातळ झाला होता. "बाल्या, आज कंची तिथ?"

मी कॅलेंडर पाहिलं. "नवमी."

"म्हंजे भांग." थोडा श्वास घेतला त्यानं. "मंग बरा. आज कोनाला धावायला नको."

उद्या येतो, म्हणालो. तो ये म्हणाला. संध्याकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजातल्या जुन्या मित्राकडं चहा पीत होतो. मी पोचलो तोवर खूप गोष्टी उरकल्या होत्या. त्याचा शेवटचा श्वास कसा होता, त्याला त्रास झाला का, हे मी वहिनीला विचारलं नाही. ती सांगेल असं वाटायचं तेव्हा मी पुस्तक उघडायचो.

त्यानंतर मी गावातच राहिलो. होळीला चंद्रग्रहण होतं. दुखवट्यातलं घर, होळीकडं कुणी गेलं नाही. संध्याकाळी मी आणि वहिनी घरामागच्या बांधावर उभे होतो. चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार होता. मी तिला सांगितलं, की आज सूर्य एका अंगाला, चंद्र दुसऱ्या अंगाला आणि मध्ये आपण. चंद्र आपल्या सावलीतून जातो. ही सावली नेहमी गोल दिसते, म्हणून पृथ्वी गोल असल्याचं माणसाला फार आधी कळलं. पूर्ण सावलीत गेला तरी तो काळा होत नाही, तांबूस होतो; कारण त्या घटकेला पृथ्वीच्या काठावर जिथं जिथं सूर्य उगवत किंवा मावळत असतो, तिथला उजेड वाकून त्याच्यापर्यंत पोचतो.

"म्हंजे ती सावली आपली?" वहिनी म्हणाली.

"आपलीच. सगळ्यांची मिळून."

पूर्वेला धूळ होती आणि डोंगर. आम्ही वाट पाहत राहिलो. चंद्र डोंगरावर आला तेव्हा पूर्ण, पिवळट, काही न झाल्यासारखा होता. सुटून मगच आमच्यासमोर आला. वहिनी त्याच्याकडं पाहत होती आणि मध्येच, मी न विचारता, म्हणाली, "भावजी, त्यांना त्रास न्हाय झाला. पानी मागितलं, दोन घोट प्याले, आनि तोंड भिंतीकडं केलं. मना वाटलं झोपले." मग पदरानं नाक पुसून घरात गेली. त्या रात्री मी पुस्तक उघडलं नाही.

आज अवस. पाऊणकी मांडली, सव्वाअकरा निघाले. निघताना वहिनी म्हणाली, "आपल्या खाडीला अर्धा घंटा उशीर लागतो. ते मनात धरायचे, बोलायचे न्हाय." इतकी वर्षं मला पाऊणकी का जमत नव्हती, ते आज कळलं.

अनवाणी गेलो. आतल्या बाजूला भात पिवळं, वाकलेलं; पुढच्या आठवड्यात कापणी. बाहेरच्या बाजूला पाणी, आवाज न करता चढणारं. उघाडीच्या पलीकडं, जुन्या खांडीच्या जागेवर, टाचेला गार लागलं. थांबलो. टाच फिरवली. बीळ होतं, मनगटाएवढं. चिखल उचलला, गोळा केला, आत ठोकला. पहिला वाहून आला, दुसरा बसला. तिसरा मी उगाचच ठोकला.

पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं. वर निरभ्र ऊन होतं. आज ग्रहण नाही. चंद्र आत्ता तिथंच होता, सूर्याच्या शेजारी, जरा वरून किंवा जरा खालून चाललेला; अवसेचा चंद्र कधी कुणाला दिसत नाही. मी हात चिखलात ठेवून बसून राहिलो. बोटांखाली पाण्याची ओढ लागत होती.

बाराच्या जरा पुढं घराकडून वहिनीची हाक आली, "भावजी, भरली काय?"

"भरली," मी ओरडून सांगितलं. "थांबली."